घरात उघडते, बाहेर उघडत नाही: घरच्या इंटरनेटवरची साइट सारखी बंद पडते तेव्हा

साताऱ्यात आमच्या घरी टीव्हीच्या कपाटात पत्त्यांच्या कॅटएवढा एक रास्पबेरी पाय, म्हणजे साइट चालवणारा छोटा कॉम्प्युटर (सर्व्हर), चोवीस तास चालू असतो. वडील रोज सकाळी साडेआठला गच्चीवरच्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात (हवामान खात्याचीही वेळ तीच) आणि तो आकडा पायवरच्या साइटवर चढवतात. पावसाळ्याचे चार महिने पुण्या-मुंबईचे नातेवाईक ती साइट रोज बघतात. त्यामुळे ती बंद पडली की नऊच्या आत मला फोन येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: "दादा, साइट उघडत नाहीये." मी घरात बघतो तर व्यवस्थित उघडते.

माझ्याकडचा हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला की पुढे ओळखीचे लोकही बोलवायला लागले. कराडचा एक फोटोग्राफर, वाईच्या एक शिक्षिका, शेजारच्या सोसायटीतला कॉलेजचा मुलगा, सगळ्यांची तक्रार एकच. आणि जवळजवळ सगळ्यांनी मला बोलावण्याआधी राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आलेली विनंती घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याच्या) पानावर दोन-तीन संध्याकाळी घालवलेल्या असतात. त्यातल्या निम्म्या जणांचा बिघाड त्या पानावरून सुटण्यासारखाच नव्हता. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या तपासण्या, अवघड कामं नंतर.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी लिहून ठेवा.

- घरच्या वायफायवर साइट उघडते, मोबाइल डेटावर उघडत नाही.
- काल चालू होती, रात्री वीज गेली, सकाळपासून बंद.
- बाहेरच्यांना दिसते, पण घरात तोच पत्ता टाकला तर दिसत नाही किंवा राउटरचं लॉगिन पान येतं.
- एका कंपनीच्या सिमवर उघडते, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर नाही.
- दोन-तीन महिने ठीक चालते आणि एक दिवस ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणतो.

आणखी एक गोष्ट बघा: ब्राउझर लगेच नकार देतो, की अर्धा-एक मिनिट चाक फिरवत बसून मग हात टेकतो? लगेच नकार आला तर तुमची विनंती कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोचली आणि त्याने 'हे दार बंद आहे' असं उत्तर दिलं. चाक फिरत राहिलं तर विनंती वाटेत कुणीतरी गिळली. एवढ्या एका फरकावरून पाणी कुठे मुरतंय याचा निम्मा अंदाज येतो.

तपासायचं कसं

प्रत्येक वेळी बाहेरून तपासा. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा, खाजगी टॅब उघडा आणि मग पत्ता टाका. घरातूनच स्वतःच्या डोमेनवर (साइटच्या नावावर) गेलात तर विनंती राउटरपर्यंत जाऊन परत आत वळावी लागते. बऱ्याच स्वस्त राउटरना हे वळण घेता येत नाही. म्हणून बाहेर सगळं ठीक असूनही घरात साइट मेलेली दिसते, किंवा राउटर स्वतःचंच लॉगिन पान समोर धरतो. तिसरं लक्षण बहुतेक वेळा एवढंच असतं, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नाही. घरात वापरायला आतला पत्ता लक्षात ठेवा (तो कसा असतो ते दुसऱ्या तपासणीत).

मात्र राउटरचं लॉगिन पान मोबाइल डेटावरून दिसलं तर लगेच राउटरमध्ये जाऊन 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा आणि पासवर्ड बदला. ते पान तुमच्यासारखंच साऱ्या जगाला दिसत असतं.

१. दिवे आणि अडॅप्टर

राउटरवरचे दिवे बघा. 'लॉस' किंवा 'एलओएस' हा दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. तिथेच थांबा आणि तक्रार नोंदवा, पुढचं काही करू नका.

पायवर स्क्रीन जोडल्यावर कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दिसत असेल, किंवा सिस्टीमच्या नोंदींत 'अंडरव्होल्टेज' येत असेल, तर अडॅप्टर बदला. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. जुन्या मोबाइलच्या चार्जरवर तो सुरू होतो, पण गर्दीच्या वेळी किंवा डिस्कवर लिहिताना कोलमडतो. वाईच्या बाईंचा सर्व्हर दर दोन-तीन दिवसांनी पडायचा. त्यांनी सगळी सॉफ्टवेअरं पुन्हा टाकून पाहिली होती. खरा दोष दहा वर्षांपूर्वीच्या फोनच्या चार्जरचा होता.

२. सर्व्हर आतून उत्तर देतो का

घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरचा आतला पत्ता ब्राउझरमध्ये टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. नाव टाकू नका, आकडेच टाका. नाव टाकलं की डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) मध्ये येतं आणि एकाच वेळी दोन गोष्टी तपासल्या जातात.

आतूनही उघडत नसेल तर इंटरनेटचा काही संबंध नाही, दोष सर्व्हरवरच आहे. एन्जिनएक्स किंवा अपाचे (पानं वाढणारं सॉफ्टवेअर) चालू आहे का ते पाहा. हाताने सुरू केल्यावर चालत असेल, पण वीज येऊन-जाऊन झाल्यावर बंद राहत असेल, तर ती सेवा बूट होताना आपोआप सुरू होण्याच्या यादीत घातलेली नाही. डिस्क भरली आहे का तेही पाहा. लॉगच्या फायली महिनोन्महिने वाढत जातात आणि ३२ जीबीचं कार्ड बघता बघता भरतं. स्वतः लिहिलेला प्रोग्राम असेल तर तो १२७.०.०.१ वरच ऐकत नाही ना, हे तपासा. तो पत्ता म्हणजे यंत्राचं स्वतःशीच बोलणं. शेजारच्या कॉम्प्युटरलाही ते ऐकू जात नाही. ०.०.०.० वर (म्हणजे सगळीकडून) ऐकायला लावा, किंवा पुढे एन्जिनएक्स ठेवा.

३. आतला पत्ता बदलला का

वीज गेल्यानंतर बंद पडणाऱ्या साइटचं हे सगळ्यात साधं कारण. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आतला पत्ता वाटतो, आणि पुन्हा चालू झाल्यावर त्याच यंत्राला तोच पत्ता देईल याची हमी नसते. एकदा आमच्याकडे ५० नंबर पायकडून टीव्हीकडे गेला होता. राउटर इमानेइतबारे सगळे वाचक टीव्हीकडे पाठवत होता आणि टीव्हीने नकार दिल्यामुळे साइट बंद होती.

राउटरमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'अ‍ॅड्रेस बाइंडिंग' नावाची सोय असते. तिथे पायचा मॅक पत्ता (यंत्राच्या जोडणीचा स्वतःचा क्रमांक) आणि ठरावीक आयपी (आतला पत्ता) बांधून टाका. मॅक पत्ता लॅन केबलचा वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, तेवढं जपा. शक्य असेल तर सर्व्हर केबलवरच ठेवा.

४. तुम्हाला बाहेरचा पत्ता खरंच मिळालाय का

पोर्ट फॉरवर्डिंगला हात लावण्याआधी एवढी तपासणी करा. दोन मिनिटं लागतात आणि त्यात कित्येक संध्याकाळी वाचतात.

राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) शोधा आणि कागदावर लिहा. मग त्याच घरच्या कनेक्शनवरून, व्हीपीएन बंद ठेवून, 'माझा आयपी कोणता' दाखवणारी कुठलीही साइट उघडा आणि तो आकडा खाली लिहा. दोन्ही सारखे असतील तर पुढच्या तपासणीकडे जा. वेगळे असतील तर तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये आणखी एक राउटर बसलेला आहे.

तो राउटर घरातलाच असू शकतो. कंपनीचा डबा आणि त्याच्या मागे तुम्ही आणलेला चांगला राउटर, अशी जोडी बऱ्याच घरांत असते. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक हेच आहे. अशा वेळी दोन्ही डब्यांवर फॉरवर्डिंग करावं लागतं, नाहीतर कंपनीचा डबा 'ब्रिज मोड'मध्ये (तो राउटरचं काम सोडून फक्त जोडणी पुढे देतो) टाकून घ्यावा लागतो. ब्रिज मोडची सेटिंग तुम्हाला दिसत नसेल तर कंपनीला फोन करून करून घ्या.

पण वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. १० ने सुरू होत असेल आणि घरात दुसरा राउटर नसेल, तरी बहुतेक तेच.

सीजीनॅट म्हणजे काय, ते जुन्या लोकांना चटकन कळेल. घरोघरी फोन नव्हते तेव्हा आपण पत्रिकेवर वाण्याच्या दुकानाचा नंबर छापायचो आणि पुढे 'पी. पी.' लिहायचो. त्या फोनवरून तुम्ही बाहेर फोन करू शकायचात. बाहेरून फोन आला की वाणी नाव विचारायचा आणि पोराला तुमच्या घरी पिटाळायचा. सीजीनॅटमध्येही एक नंबर अनेक घरांत वाटलेला असतो. बाहेर जाणारे फोन बिनबोभाट लागतात, म्हणून यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप, बँक सगळं चालतं. मात्र बाहेरून आलेल्या फोनवर नाव विचारणारा वाणी तिथे नाही. तुमच्या साइटवर येणारा प्रत्येक वाचक म्हणजे बाहेरून आलेला फोन, आणि तो कंपनीच्या यंत्रावरच संपतो. तुमचा राउटर त्यानंतर येतो, त्यामुळे त्यावर कितीही फॉरवर्डिंग केलं तरी फरक पडत नाही.

कंपन्या असं का करतात तेही समजून घ्या, म्हणजे कस्टमर केअरच्या मुलाशी वाद घालावासा वाटणार नाही. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते ३२ बिटांचे, म्हणून एकूण सुमारे ४२९ कोटीच होतात. जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा साठा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शेवटच्या गटावर आला. पुढे एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा, म्हणजे सुमारे ४२ लाख पत्ते, मुद्दाम या वाटून वापरण्याच्या कामासाठी राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरवर दिसतो तो आकडा त्याच पट्ट्यातला.

यातून बाहेर पडायचे मार्ग, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

कंपनीकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा बाहेरचा पत्ता) मागा. काही ठिकाणी तो थोडे जादा पैसे घेऊन घरगुती प्लॅनवर मिळतो, काही ठिकाणी फक्त व्यावसायिक प्लॅनवर. मिळत असेल तर घ्या. पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: ८० आणि ४४३ हे पोर्ट (वेबसाइटची दारं) उघडे आहेत का, आणि प्लॅनच्या अटींत घरून सर्व्हर चालवायला मनाई आहे का. मनाई असेल तर लपवाछपवी करू नका, प्लॅन बदला.

ते जमत नसेल तर टनेल. घरचा सर्व्हर स्वतःहून बाहेर एक जोडणी उघडून ठेवतो आणि वाचक त्याच जोडणीतून आत येतात. बाहेर फोन करायला सीजीनॅटची आडकाठी नसतेच. क्लाउडफ्लेअर टनेल हा यातला सोपा पर्याय, फक्त स्वतःचं डोमेन त्यांच्याकडे वळवावं लागतं. स्वतःच्या हातात सगळं हवं असेल तर एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन घरापासून तिथवर वायरगार्डची (व्हीपीएनचं सॉफ्टवेअर) वाट बांधा. मी टनेलचाच मार्ग घेतलाय. टनेलमध्ये राउटरवर एकही दार उघडावं लागत नाही, हा मोठा फायदा.

तिसरा मार्ग आयपीव्ही६ चा, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा. तिथे पत्त्यांचा दुष्काळ नाही, प्रत्येक यंत्राला जगाला दिसणारा पत्ता मिळतो आणि फॉरवर्डिंगची गरजच नसते. राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या यंत्रासाठी परवानगी द्यावी लागते, एवढंच. पण फक्त आयपीव्ही६ वर साइट ठेवली तर ज्यांच्या कनेक्शनवर ते नाही त्यांना ती दिसणार नाही. चौथ्या लक्षणाचं, म्हणजे एका सिमवर दिसते आणि दुसऱ्यावर नाही, याचं कारण माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा हेच निघालं आहे.

५. नावाकडे जुनाच पत्ता आहे का

वॅन आयपी खरा असला तरी तो कायमचा नसतो. राउटर बंद-चालू झाला की नवा मिळू शकतो, आणि तुमचं डोमेन जुन्याकडेच बोट दाखवत राहतं. घरातल्या किंवा फोनमधल्या कुठल्याही डीएनएस तपासणीच्या साधनात डोमेन टाका आणि येणारा पत्ता मघाच्या कागदाशी ताडून पाहा. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा मध्ये असेल तर त्यांचा पत्ता दिसेल, तेव्हा त्यांच्या खात्यात जाऊन पाहा.

यावर उपाय डायनॅमिक डीएनएस, म्हणजे पत्ता बदलला की नावाला नवा पत्ता जोडणारी सेवा. डकडीएनएस, नो-आयपी अशा सेवा आहेत, कित्येक राउटरमध्येही ती सोय असते. मी ज्या चुकीत सगळ्यात जास्त वेळा अडकलेले लोक पाहिले ती अशी: पत्ता कळवणारी स्क्रिप्ट फक्त बूट होताना चालते. वीज आली की पाय अर्ध्या मिनिटात उठतो, राउटरला नेट मिळायला दोन-तीन मिनिटं लागतात. स्क्रिप्ट चालते, नेट नसतं, ती अपयशी होऊन झोपते आणि पुढच्या लोडशेडिंगपर्यंत कुणी तिला उठवत नाही. ती क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) दर पाच मिनिटांनी लावा. शिवाय पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, उठल्यावर त्याची वेळ मागे असते, आणि वेळ चुकीची असली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते. नेट येऊन वेळ जुळली की पाच मिनिटांनी पुढचा प्रयत्न आपोआप यशस्वी होतो.

डीएनएस नोंदीचा टीटीएल (ती नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंद ठेवा. तो एक दिवसाचा असेल तर तुम्ही पत्ता सुधारूनही नातेवाईकांना दुसऱ्या दिवसापर्यंत जुनाच मिळत राहील.

६. आता पोर्ट फॉरवर्डिंग

८० आणि ४४३, दोन्ही टीसीपी, दोन्ही सर्व्हरच्या आतल्या पत्त्याकडे. नियम दिसतोय पण चालत नाही असं असेल तर काढून पुन्हा घाला आणि राउटर रिस्टार्ट करा. कंपनीने दुरून सेटिंग पुन्हा पाठवली की हे नियम उडालेले मी पाहिले आहेत, म्हणून सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

तरी चाक फिरतच राहिलं तर बाहेरचा ८०८० आतल्या ८० कडे वळवून मोबाइल डेटावरून पाहा. ८०८० चालला आणि ८० नाही, तर कंपनीने ८० अडवलाय. मग वर सांगितलेला टनेल घ्या.

वैतागून 'डीएमझेड' चालू करू नका. त्याने सर्व्हरची सगळी दारं एकदम उघडतात. २२ नंबरही (दुरून लॉगिन करण्याचं दार) बाहेर उघडू नका. माझ्या लॉगमध्ये पोर्ट उघडल्यावर काही मिनिटांत अनोळखी यंत्रं वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधायला आली होती, आणि माझ्याकडे वर्डप्रेस कधी नव्हताच. सर्व्हरची स्वतःची फायरवॉल चालू ठेवा, फक्त तिच्यात ८० आणि ४४३ ला परवानगी आहे ना ते बघा.

७. प्रमाणपत्र

सुरक्षित जोडणीसाठी साइटला प्रमाणपत्र लागतं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवस टिकतं. दोन-तीन महिन्यांनी अचानक 'सुरक्षित नाही' येणं म्हणजे नूतनीकरण होत नाहीये. नेहमीच्या पद्धतीत त्यांचा सर्व्हर तुमच्या ८० नंबरवर येऊन खात्री करतो. '४४३ पुरे' म्हणून ८० बंद केला असेल तर तेच कारण. मुदत संपत आल्याची त्यांची ईमेलही जून २०२५ पासून बंद झाली आहेत, म्हणून कॅलेंडरमध्ये स्वतः आठवण लावा.

कुठे थांबायचं

लाल एलओएस दिवा असेल तर फायबरची पिन काढून पुसत बसू नका आणि तिच्या टोकात डोळा घालून तर अजिबात बघू नका. आतला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. दिवा हिरवा असूनही नेट दिवसातून चार वेळा तुटत असेल तर राउटरच्या पानावर 'आरएक्स पॉवर' (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा. नेहमीच्या जीपॉन (फायबरच्या) डब्याची मर्यादा उणे २७ डीबीएम असते. आकडा त्याच्या जवळ पोचला असेल तर केबल कुठेतरी वाकली किंवा उंदराने कुरतडली असणार. ते काम जोडणीचं यंत्र असलेल्या लाइनमनचंच.

राउटरच्या किंवा पायच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. सर्व्हर तोवर बंद.

सर्व्हरवर अनोळखी युजर दिसला, प्रोसेसर विनाकारण शंभर टक्क्यांवर असला, किंवा साइटवर तुम्ही न टाकलेली पानं आली, तर लॅनची केबल काढा. जाणकाराला दाखवल्याशिवाय ती परत जोडू नका. फायली साफ करून काम भागत नाही, नवी सिस्टीम टाकावी लागते.

आणि त्या साइटवर दवाखान्याच्या नोंदी, दुकानाची बिलं किंवा लोकांची माहिती असेल, तर ती घरी ठेवूच नका, भाड्याच्या सर्व्हरवर न्या. कराडच्या फोटोग्राफरला मी हेच सांगितलं. गिऱ्हाईकांच्या लग्नाचे फोटो एकाच एसडी कार्डवर होते.

कंपनीला फोन करताना 'साइट चालत नाही' म्हणू नका, कारण साइट हे त्यांचं काम नाही. कागद हातात घ्या आणि सांगा: राउटरचा वॅन आयपी हा, बाहेर दिसणारा आयपी हा, आरएक्स पॉवर इतकी, बंद पडण्याच्या वेळा या, ८०८० चालतो आणि ८० चालत नाही. तक्रार क्रमांक त्याच कागदावर खाली लिहून घ्या.